मधली दोन राज्यं

माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीला राहतो आणि मी कॅनडात, रेजिनाला. ऑफिसच्या कामाला तो डेन्व्हरला आला, तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की भाड्याची गाडी घेऊन सरळ माझ्याकडेच यावं. "ताई, मधे दोनच तर राज्यं आहेत," म्हणाला. न्यू जर्सी म्हणजे अमेरिकेतलं सगळ्यात दाटीचं राज्य, अडीच-तीन तासांत संपतं. त्याच मापाने साहेब वायोमिंग आणि मोंटाना मोजत होते. मी म्हटलं, अरे शहाण्या, एकटं मोंटाना आख्ख्या महाराष्ट्राहून मोठं आहे, आणि माणसं आपल्या नागपूरच्या निम्मीसुद्धा नाहीत. टाकी अर्धी झाली की पेट्रोल भर, गाडीत ब्लँकेट ठेव. तर हा हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायोमिंगमधल्या मोटेलातून "निघालो" असा मेसेज आला. दुपारनंतर काहीच नाही. फोन लागेना. आमच्याकडे बर्फ सुरू झाला होता, तिकडेही असणारच. मी चिडले होते, पण दर पाच मिनिटांनी त्याचाच नंबर लावत होते.

त्यात एका अनोळखी नंबरवरून सारखे फोन. असले नंबर उचलायचे नाहीत, हे आम्हा इथल्या देशी लोकांच्या हाडात मुरलंय. टॅक्सवाला बनून कुणीतरी धमकावतो, नाहीतर बँकेवाला बनून. मी तीनदा कट केला. चौथ्यांदा लेकीने स्क्रीनकडे पाहिलं. "मॉम, इट सेज मोंटाना. जस्ट पिक अप."

"ताई, कट काय करतेस?" तिकडून तोच बोलत होता.

त्याने एक पंप सोडला होता, पुढे येईलच म्हणून. पुढे काही आलंच नाही. फोनला रेंज नाही, पेट्रोल संपून गाडी थंडगार, आणि दीड तासात रस्त्यावरून एकच ट्रक आला. तो चालवणाऱ्या म्हाताऱ्या बाईने त्याला घरी नेलं, सूप पाजलं आणि स्वतःच्या फोनवरून मला नंबर लावून दिला. त्याचा जीव त्या एका ट्रकवर अवलंबून होता, आणि मी फोन कापत बसले होते.

बाईने फोन घेतला. म्हणाली, आमच्याकडे गाडी उभी दिसली की थांबतोच, दुसरं कोण थांबणार? मी थँक यू, थँक यू म्हणत राहिले.

तिने पेट्रोलचा कॅनही दिला. त्यानंतर हा प्रत्येक पंपावर थांबला आणि प्रत्येक पंपावरून मला फोन केला. तीन वेळा मीच म्हटलं, आता पुरे, गाडी चालव.

दुसऱ्या दिवशी तो दारात उभा राहिला, हातात त्या बाईने दिलेली जॅमची बरणी. मी आधी पाठीत एक धपाटा घातला. मग त्याला बराच वेळ सोडलं नाही.