एकही दार सोडायचं नाही

माझ्या तरुणपणी गावात निवडणूक आली की एक आवाज यायचा. हलगीचा. कोतवाल वेशीपासून मारुतीपर्यंत हलगी वाजवत जायचा आणि सांगायचा, पंचायत बिनविरोध झाली, कुणी कामं सोडून मतदानाला येऊ नये. आम्हीही येत नव्हतो. कितीतरी वर्षं मी त्या हलगीलाच निवडणूक समजत होतो.

आता आमच्या मंडळाचे किस्से सांगायला बसलो की लोक म्हणतात, तात्या, लिहून ठेवा. मी चौथीपर्यंत शिकलेला, मला लिहायला वेळ लागतो. पण दारोदार फिरणाऱ्या माणसाला किस्से कुसळासारखे चिकटतात. कितीही झटकले तरी चार राहतातच.

*

मंडळाची सुरुवात गयाबाईच्या एका प्रश्नानं झाली. गयाबाई आमच्या खालच्या गल्लीतली, पूर्वी वर्षातले सहा महिने ऊसतोडीला जाणारी. ग्रामसभेत तिनं विचारलं, खालच्या गल्लीला नळ कधी येणार? सरपंच होते नाना. त्यांच्या आधी त्यांचे वडील होते. नाना कधी चढ्या आवाजात बोलायचे नाहीत. शांतपणे म्हणाले, बाई, त्यासाठी पंचायतीत बसावं लागतं, निवडणूक लढवावी लागते, आणि त्याला पैसा लागतो.

गयाबाईनं विचारलं, "किती लागतो?"

सभा हसली. तिला खरंच आकडा पाहिजे होता.

*

त्याच संध्याकाळी ती मैनुद्दीनच्या दुकानात आली. मैनुद्दीन आमच्या गावचा शिंपी, माझा लहानपणापासूनचा दोस्त. ती म्हणाली, आपण मंडळ काढू, निवडणुकीसाठी दर घरातून महिन्याला दहा रुपये घ्यायचे. पुनव झाली की दुसऱ्या दिवशी फिरायचं. दहाच्या वर कुणाकडून घ्यायचे नाहीत आणि एकही दार सोडायचं नाही. जो देणार नाही त्याला तब्येत विचारायची आणि पुढं जायचं.

मैनुद्दीननं मशीन थांबवली. असं करत सरपंच व्हायला किती वर्षं लागतील, असं त्यानं विचारलं.

गयाबाई म्हणाली, "तुमी शर्ट शिवताना बटनापासून सुरू करता का?"

मैनुद्दीननं पहिले दहा दिले.

*

शेवंता म्हातारीकडं पैसे नव्हते. तिनं मला अंडं दिलं. तेव्हा एका अंड्याचे पाच रुपये यायचे. मी म्हणालो, राहू दे मावशी, चालतंय. ती चिडली. तिला पाच रुपयांचं माणूस व्हायचं नव्हतं. मला अंगणात बसवलं आणि म्हणाली, कोंबडी दुसरं अंडं घालंल तवर थांबा.

मी दुपारपर्यंत थांबलो. कोंबडी माझ्याकडं बघत होती, मी कोंबडीकडं. तिनं काही अंडं घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारी स्वतः अंडं घेऊन माझ्या घरी आली. म्हणाली, "तुमी बसला व्हता म्हणून ती लाजली."

*

एका ठेकेदारानं पाचशेची नोट पुढं केली. मैनुद्दीननं नोट घेतली, तीन दुकानं हिंडून सुट्टे आणले आणि दहा ठेवून बाकीचे त्याच्या हातात दिले. ठेकेदाराला राग आला. माझा पैसा वाईट आहे का, म्हणाला.

"पैसा चांगलाय साहेब," मैनुद्दीन म्हणाला. "पण ह्यो लई बोलणारा दिसतोय. आमाला मुका पैसा लागतो."

*

आता आमची चूक सांगतो. अशी चूक आमच्यासारखीच माणसं करू शकतात. चार वर्षं दारं फिरलो, आणि गयाबाई सरपंचपदाला उभी राहिली. समोर नाना. मतदान आलं ऐन थंडीत. आम्ही पत्रकं घेऊन खालच्या गल्लीत गेलो तर निम्म्या घरांना कुलपं. दहा रुपये देणारी आमची माणसं सांगली-कराडकडं फडात ऊस तोडत होती! दरवर्षी जातात, दर थंडीत आम्ही त्याच कुलपांवरून पुढं जात होतो, मीही कधीकाळी फडात गेलेलो, आणि तरी मंडळातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. मैनुद्दीननं तीन कुलपांना पत्रकं खोचलीसुद्धा.

गयाबाई पडली. थोडक्यात नाही, चांगलीच पडली.

चार दिवसांनी पुनव झाली. मी म्हणालो, या महिन्यात नको. लोकांना तोंड कसं दाखवायचं? ती डोक्यावर पदर घेऊन निघालीसुद्धा. म्हणाली, "तात्या, पडल्यावर दार उघडतेत ती खरी आपली. चला, मोजून तरी येऊ."

त्या दिवशी दोन दारं जास्त उघडली. मी घरी येऊन बायकोला ते दोनदा सांगितलं.

*

पुढच्या पाच वर्षांत एकही पुनव चुकली नाही. निवडणूक परत थंडीतच आली. या वेळी गयाबाईला गावात ठेवून आम्ही आधीच फडावर गेलो. आमच्या गावच्या बावीस जणांची टोळी होती. स्वतःच्या तिकिटानं एसटीनं येऊन मत द्यायला सगळे तयार. टोळीचा मुकादम मात्र अडून बसला. ट्रॅक्टर फडात उभा राहणार, तो कारखान्याला रिकामा पाठवू का, म्हणाला. एक ट्रॉली तरी भरून द्या, मग न्या माणसं.

मैनुद्दीन म्हणाला, आम्ही भरतो.

मतदानाच्या दिवशी मंडळातले आम्ही पाच म्हातारे कोयते घेऊन फडात उतरलो. म्हणजे आमची पाच मतं गेली. पण बावीस गावाकडं निघाली. मला ऊस तोडून वीस वर्षं झाली होती. हाताला फोड आले. मैनुद्दीननं तर जन्मात कोयता धरला नव्हता. प्रत्येक ऊस तो वरपासून खालपर्यंत निरखायचा, मग बेतानं एक घाव. मुकादम बघून बघून दमला.

"चाचा," तो म्हणाला, "तोडायचाय. मापं घेऊ नका."

रात्र पडेपर्यंत ट्रॉली जेमतेम भरली. मुकादमानं आम्हाला स्वतःच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, जेवायला बसवलं.

निकालाच्या दिवशी आम्ही परतीच्या एसटीत होतो. मैनुद्दीनचा फोन वाजला. त्यानं ऐकलं आणि फोन माझ्याकडं दिला. मी विचारलं, कितीनं? पलीकडून उत्तर आलं, गयाबाई अकरानं आली. मी मोठ्यानं सांगितलं. कंडक्टरला काही माहीत नव्हतं, तरी त्यानं टाळी वाजवली.

*

दोन दिवसांनी पुनव झाली. गुलाल अजून लोकांच्या कानामागं होता. गयाबाई नेहमीसारखी निघाली, मी बरोबर. सगळी दारं झाली आणि नानांचं राहिलं. इतकी वर्षं आम्ही तिथंही जात होतो. ओट्याच्या खाली अंगणात उभं राहायचो. नाना वर खुर्चीत असायचे, नाही म्हणायचे, आम्ही तब्येत विचारून निघायचो.

मी हळूच म्हणालो, आज जाऊ नये. त्यांना वाटंल, चिडवायला आलो.

गयाबाई म्हणाली, "आज न्हाय गेलो तर वाटंल, गरज सरली."

नाना ओट्यावरच होते. गयाबाई अंगणात तिच्या नेहमीच्या जागी उभी राहिली आणि तिचं नेहमीचं वाक्य बोलली, "मालक, दहा रुपये देता का? पुढच्या निवडणुकीला."

 नाना उठले. ज्या खुर्चीत बसले होते तीच दोन्ही हातांनी उचलून पायऱ्या उतरले, अंगणात गयाबाईसमोर ठेवली, धोतराच्या सोग्यानं खुर्चीवरची धूळ पुसली, पायात चपला सरकवल्या आणि रानाच्या वाटेला लागले.