बिनलग्नाची हळद

मला आजवर हळद एकदाच लागली, आणि तीही लग्नाशिवाय.

माझा धाकटा भाऊ रुपेश दुबईच्या एका हॉटेलात, लोक जेवत असताना, हळू आवाजात पियानो वाजवतो. पण मूळचा गडी आमच्या गावच्या बेंजो पार्टीतला बेंजोवाला! त्याने हळदीचं गाणं धरलं की रुसलेले जावईसुद्धा उठून नाचतात. (त्याच पार्टीत मी खुळखुळा वाजवतो. रुपेशचा मोठा भाऊ म्हणून ठेवलेला!) स्वतः रचलेलं हळदीचं गाणं जुन्या पार्टीबरोबर रेकॉर्ड करायचं, एवढ्यासाठी तो चार दिवस पनवेलला आला. तीन दिवस नातेवाइकांच्या मटणात गेले. उरली एक दुपार, संध्याकाळी विमान.

"स्टुडिओ कशाला? करंजाड्याला आपलं घर हाय ना!" मी म्हणालो.

खिडक्यांना गाद्या लावल्या. पंखा बंद. ढोलकीवाला दिलीप घामाने निथळला. आणि रुपेश सुरू झाला. काय वाजवलं त्याने! एवढी कला चार भिंतींत कोंडायची? मला राहवेना. मी गुपचूप रस्त्याकडच्या खिडकीची गादी काढली. ऐकू दे की करंजाड्याला!

करंजाड्याने ऐकलं. पण आमच्याकडे घरातून बेंजोवर हळद वाजली की त्याचा अर्थ एकच, आणि आमच्या घरात लग्नाचा राहिलेलाही एकच. मी, वय वर्षं चाळीस. (रुपेशची पोरं शाळेत जातात.)

दार धाडकन उघडलं. पुढे पारूआत्या, हातात हळदीची वाटी. मागे सगळी गल्ली.

"मेल्या, आत्याला सांगावा नाय? आमी काय मेलो?" म्हणत तिने माझ्या गालाला हळद फासली. डोळ्यांत आनंदाचं पाणी!

"अगो आत्या, लगीन नाय हाय!" मी बोंबललो.

"लाजतंय पोर!" म्हणत तिने दुसरा गाल घेतला.

रुपेशचं गाणं मी बुडवलं होतं. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत होईना. पण पठ्ठ्या थांबलाच नाही! त्याने दिलीपला डोळ्याने खुणावलं आणि माइक आत्यापुढे सरकवला. गावातल्या प्रत्येक लग्नात गाणारी बाई ती. तिने सूर लावला, आणि रुपेशचा बेंजो तिचं बोट धरून चालू लागला. मला रडू आलं. (डोळ्यात हळद गेली, असं सांगितलं.)

महिनाभराने दुबईहून तयार गाणं आलं. आत्या होती, ढोलकी होती, माझी बोंबही होती. खुळखुळा तेवढा काढलेला.

"दादा, तुझा तो एकच सूर बरोबर लागला व्हता," रुपेश फोनवर म्हणाला.

आता उरणपर्यंत कुठल्याही हळदीत ते गाणं वाजतं. माझी बोंब येते त्या जागी अख्खा मांडव हात वर करून ओरडतो, "लगीन नाय हाय!" नवरदेव सगळ्यात मोठ्याने.

परवा मी एक स्थळ बघायला गेलो. तोंड उघडताच मुलीच्या वडिलांनी आवाज ओळखला.

"तुमीच काय ते?" ते म्हणाले. "गाण्यात एवढं वरडून सांगितलंत, मग आलात कशाला?"