पक्क्या रंगाचे फेटे

माझ्या वडलांचं मुलुंडला, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर कापडाचं दुकान होतं. मॅट्रिक झाल्यावर घरी बसून काय करणार, म्हणून बाबांनी मला दुकानात घेतलं. पन्नास सालानंतरचे ते दिवस. कापडाच्या दुकानात मुलगी बसलेली बघायची लोकांना सवय नव्हती. सुरुवातीला बायका माझ्याकडे बघूनच विचारायच्या, "दुकानात कोणी नाही का गं?" मी म्हणायचे, "मी आहे ना." पुढे त्यांनाच ते सोयीचं वाटायला लागलं. पोलक्याचं कापड अंगाला लावून "कसं दिसतंय गं?" हे बाबांना थोडंच विचारता येणार होतं?

बाबा मूळचे मालवणकडचे. दुकान काढायच्या आधी बरीच वर्षं ते गिरणीत मागावर होते. त्यामुळे विणकाम त्यांना नुसत्या बोटांनी कळायचं. सूत कुठलं, वीण दाट की विरळ, हे ते डोळे मिटून सांगायचे. रंगाचं मात्र तसं नव्हतं. रंगाच्या बाबतीत ते ताग्यावरच्या छापावर विश्वास ठेवायचे. छापावर "पक्का रंग" असं असलं की बाबाही गिऱ्हाइकाला छातीठोकपणे "पक्का रंग" म्हणून सांगायचे. दुकानाच्या दर्शनी भागात त्यांनी पेंटरकडून एक पाटीच रंगवून घेतली होती: "रंग गेला तर जबाबदारी आमची." पेंटरनं "जबाबदारी" हा शब्द सगळ्यांत मोठा काढला होता.

त्या वर्षी गणपतीच्या आधी आमच्याकडे लेझीम पथकाचा म्होरक्या आला. जवळच्याच एका कारखान्यात तो टर्नर होता, तिशीच्या आतला, आवाज असा की दुकानातली बाई दचकून मागे वळून बघायची. "काका, यंदा सगळ्या पोरांना लाल फेटे पाहिजेत. पांढरे सदरे ज्याचे त्याचे. पण फेटे एकसारखे. ठाण्याचं पथक येतंय तलावावर, त्यांच्यापुढे आपली शोभा नाही व्हायला पाहिजे."

बाबांनी नुकतीच आलेली लाल मलमल काढून समोर पसरली. रंग असा की बघतच राहावं. म्होरक्यानं कापड हातात घेतलं आणि विचारलं, "रंग जाणार नाही ना?"

"पक्का रंग," म्हणत बाबांनी पाटीकडे बोट केलं.

विसर्जनाच्या दिवशी आई, बाबा आणि मी रस्त्याच्या कडेला उभे होतो. पथक आलं आणि खरंच डोळ्याचं पारणं फिटलं. ढोल, पांढरे सदरे, त्यांच्या वर हलणारी लालभडक फेट्यांची रांग. बाबा शेजारच्यांना सांगत होते, "फेटे आपल्या दुकानातले." तेवढ्यात पावसाची एक सर आली. मोठी नव्हती, पण पोरं आधीच घामानं भिजलेली. पहिला लाल ओघळ म्होरक्याच्याच कपाळावरून नाकावर आला. मग कानांमागून, मानेवरून, सदऱ्याच्या खांद्यावरून. बघता बघता अख्खं पथक नखशिखान्त लाल झालं.

लोकांना वाटलं गुलाल. टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरांनाही कळेना काय होतंय. त्यांना आणखी चेव आला आणि ती दुप्पट जोरानं नाचायला लागली. "वा, वा! काय रंगलेत!" असं आमच्या मागून कुणीतरी ओरडलं. आईनं पदर तोंडावर धरला होता, ती हसत होती की रडत होती हे मला आजही सांगता येणार नाही. बाबांनी मात्र एव्हाना शेजाऱ्यांशी बोलणं बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतो तो म्होरक्या ओट्यावर बसलेला. मागे चार-पाच पोरं, प्रत्येकाच्या हातात सदऱ्याचं गाठोडं. म्होरक्याच्या कानाच्या पाळ्या अजून लाल होत्या.

"काका, तुम्ही पक्का रंग म्हणालात."

"म्हटलं."

"हा बघा पक्का रंग. आमच्या आईनं पहाटेपासून आपटून आपटून हात दुखवून घेतले. मला येत्या रविवारी मुलगी बघायला जायचंय, आणि चांगला सदरा हा एकच. वाट लागली ना सगळी!"

मला वाटलं, बाबा म्हणतील की छाप गिरणीचा आहे, आम्ही काय करणार. तसं म्हणायला जागाही होती. बाबांनी गाठोडी उचलून आत ठेवली आणि म्हणाले, "सगळ्यांचे आण. एक माणूस सोडू नको. माझ्या दुकानातसून गेललो रंग, मीच काढतलंय." चिडले की ते मालवणीवर जायचे, आणि त्या दिवशी ते स्वतःवरच चिडले होते.

मग आमच्या घरी तीन दगडांवर हंडा चढला. आईनं धुण्याचा सोडा घालून सदरे उकळले. लाल गेला, गुलाबी राहिला. पुन्हा उकळले. गुलाबी फिका झाला, पण राहिला तो राहिलाच. आई हंड्यात काठी फिरवत म्हणाली, "हा गुलाबी मात्र पक्का निघाला हो!"

शेवटी बाबांनी पथकाला दुकानात बोलावलं आणि सरळ सांगितलं, "ज्याला पांढरा पाहिजे त्याला नवीन कापड देतो, शिलाई माझी. ज्याला हा चालतोय त्याचा रंगाऱ्याकडून नीट एकसारखा गुलाबी करून देतो. आणि फेट्यांचे पैसे सगळ्यांना परत." गंमत म्हणजे निम्म्याहून अधिक पोरांनी गुलाबीच पसंत केला. एकानं तर तिथंच अंगात घालून आमच्या आरशात बघितलं आणि म्हणाला, "झकास आहे रे. असा मुलुंडमध्ये कोणाकडे नाही." म्होरक्याला मात्र पांढराच हवा होता. आमच्या ओट्यावर बसणाऱ्या शिंप्यानं बाकी कामं बाजूला ठेवून शनिवारी संध्याकाळपर्यंत त्याचा सदरा शिवून दिला.

या गडबडीत एक बुवा आले. पथकात त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. वय साठीच्या पुढचं. सदऱ्याच्या छातीवर लाल डाग. "आमचाही सदरा खराब झाला हो तुमच्या फेट्यामुळे." बाबांनी सदरा हातात घेतला, नाकाशी नेला आणि अतिशय आदरानं म्हणाले, "आजोबा, हा रंग आमचा नाही. यात कात आहे." बुवांनी क्षणभर विचार केला. मग स्वतःच हसले, सदरा घडी घालून काखेत मारला आणि जाता जाता म्हणाले, "विचारून बघितलं." बाबांनी मागून हाक मारून त्यांना लिंबू चोळून बघायला सांगितलं.

उरलेले लाल मलमलीचे तागे घेऊन बाबा मुंबईला, कापडबाजारात निघाले. मीही हट्टानं बरोबर गेले. ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल आला होता, त्या शेटची पेढी माडीवर होती. पांढरीशुभ्र गादी, पांढरे लोड, आणि मध्ये शेट, तेही पांढऱ्या कपड्यांत. माणूस तोंडाचा गोड. चहा मागवला, माझी चौकशी केली, मग बाबांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असं होणारच नाही. छाप बघा ना, छाप! गिरणीचा छाप आहे."

बाबा म्हणाले, "छाप आहे, पण रंग जातोय."

"मग तुमच्या मुलुंडच्या पाण्यात काहीतरी असेल. खारं पाणी असेल."

"पावसाचं पाणी होतं ते."

"मग पोरांचा घाम. कारखान्यातली पोरं, अंगाला तेलबिल लागलेलं असतं. त्यानं कुठलाही रंग सुटतो. आमच्या मालाचं नाव नका काढू."

बाबा भिडस्त. समोरच्याचा चहा पीत असताना त्याच्याशी भांडायचं कसं, हे त्यांना कधी जमलं नाही. ते मान खाली घालून बसले. मला मात्र राग आला. चहाबरोबर पाण्याचे पेले आले होते. मी ताग्याचं टोक ओढलं, पेल्यात बुचकळलं आणि शेटच्या पुढ्यात, त्या पांढऱ्या गादीवर पिळलं.

लाल थारोळंच झालं.

"अरे, अरे पोरी!" शेट टुणकन मागे सरकले. त्यांचे मेहताजी धावत आले आणि खिशातल्या रुमालानं पुसायला लागले. डाग आणखी पसरला, रुमाल लाल झाला, आणि मेहताजींनी घाईघाईत त्याच रुमालानं कपाळाचा घाम पुसला. त्यांचं ते लाल कपाळ बघून शेटच्या तोंडून जो हास्याचा फवारा उडाला, तो काही केल्या थांबेना. बाबाही हसले. मेहताजींना काय झालंय ते बराच वेळ कळलं नाही.

हसणं ओसरल्यावर शेट म्हणाले, "बरं, हरलो. सगळे तागे परत ठेवून जा, पूर्ण पैसे देतो."

मी मनातल्या मनात जिंकले होते. पण बाबांनी विचारलं, "परत घेऊन काय करणार याचं?"

"देऊ पाठवून कोकणात कुठंतरी. गावाकडे कोण बसलंय छाप वाचायला आणि रंग बघायला?"

बाबांनी तागे पुन्हा आपल्याकडे ओढले. "नको. मी घेऊन जातो. किंमत तेवढी कमी करा, आणि या छापावर काट मारून द्या."

शेट बघत राहिले. "छापावर काट मारली तर विकणार कोणाला?"

"ते मी बघतो."

मेहताजींनी दौत आणून प्रत्येक छापावर काळी फुली मारली. खाली रस्त्यावर आल्यावर मी बाबांना चांगलंच धारेवर धरलं. "पूर्ण पैसे देत होते ना! मग कशाला उचललंत परत?"

"अगं, ते म्हणाले कोकणात पाठवतो."

"मग?"

"मग कोणाच्या डोक्याला बांधलं जाणार ते? माझ्याच चुलतभावाच्या." मग जरा चालून ते म्हणाले, "आणि चुलतभाऊ नसला, तरी कोणाच्यातरीच ना." तरी घरी पोचेपर्यंत मी फुरंगटूनच होते.

दुकानात आल्यावर बाबांनी ते तागे लपवले नाहीत. अगदी पुढे मांडले, आणि मला पुठ्ठ्यावर ठळक लिहायला सांगितलं: "या कापडाचा रंग जातो. धुवायचं असेल तर घेऊ नये." मी म्हटलं, "बाबा, असं कोणी लिहितं का?" आई म्हणाली, "लोक आपल्याला वेडे म्हणतील." लोकांनी म्हटलंही. येणारा-जाणारा थांबायचा, वाचायचा आणि हसत आत यायचा. आत आला की दुसरं काहीतरी घेऊन जायचा. तसंच वाचून एक दिवस मांडववाला आत आला. "धुवायचंच नाही मला. मांडवाला आतून झालर लावायची, वर ताडपत्री असते. दाखवा." त्यानं सगळे तागे एकदम उचलले. त्या नवरात्रात आणि नंतरच्या लग्नसराईत मुलुंडपासून भांडुपपर्यंत कितीतरी मांडवांत ती लाल झालर दिसायची. खरंच सुंदर दिसायची.

त्यानंतर बाबांनी छापावर विश्वास ठेवणं सोडलं. नवा तागा आला की दुकानाच्या ओट्यावर पाण्याची बादली यायची. तुकडा कापायचा, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून बुडवायचा, सगळ्यांदेखत पिळायचा. फडकं पांढरं राहिलं तर तागा आत, रंगलं तर छापावर फुली मारून शेटकडे परत. हे काम माझ्याकडे आलं. दुपारच्या वेळी आसपासच्या बायका भाज्यांच्या पिशव्या घेऊन मुद्दाम थांबायच्या. "आज कुठला रंग गं?" हिरवा सुटतो, निळा टिकतो, यावर त्यांच्या पैजा लागायच्या. शेटही पुढे आमच्याकडे माल पाठवताना निरोप द्यायचे, "मुलीला सांगा, यंदा आम्हीच आधी बुडवून बघितलंय."

म्होरक्याचं लग्न ठरलं. होणारी सून म्होरक्या आणि घरच्यांबरोबर साड्या घ्यायला आमच्याकडे आली. चांगली चुणचुणीत मुलगी होती. शालू बघितला, किंमत विचारली, आणि सासूसमोरच मला म्हणाली, "ताई, पदर जरा बुडवून दाखवाल?" म्होरक्या एवढा मोठ्यानं हसला की शिंप्याच्या हातातली कात्री पडली. शालू बुडवता येत नाही हे तिला समजावून सांगता सांगता माझी पुरेवाट झाली. शेवटी तिनं आतल्या बाजूचा एक दोरा ओढून घेतला, स्वतःच जिभेवर ओला करून हातरुमालावर घासला, रुमाल उजेडात धरून बघितला आणि म्हणाली, "द्या बांधून."

दिवाळी तोंडावर आली तेव्हा पलीकडच्या रांगेतले दुसरे कापडवाले एका सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. बाबांच्याच वयाचे गृहस्थ. वैतागलेले दिसत होते.

"काय करून ठेवलंत हो तुम्ही? आता आमच्याकडेही बायका विचारतात, तुमची बादली कुठाय म्हणून. काल एकीनं तर घरून तांब्या आणला."

"मग ठेवा ना बादली," बाबा म्हणाले.

"ठेवली. कालच ठेवली. निम्म्या मालाचा रंग गेला! आता काय सांगू गिऱ्हाइकाला?"

"जातो म्हणून सांगा."

"लाज वाटते हो."

"पहिल्यांदा मलाही वाटली," बाबा म्हणाले आणि मला चहा सांगायला पाठवलं. मी चहा घेऊन परत आले तेव्हा दोघं आमच्या ओट्यावर मांडी घालून बसले होते, बाह्या वर सरलेल्या, आणि त्या गृहस्थांच्या दुकानातून आणलेलं एक जांभळं कापड आमच्या बादलीत बुडवून आलटून पालटून पिळत होते.