नदीपलीकडचा भाव

वरूडमध्ये दारूचा भाव कुणी कुणाला विचारत नाही, तो सगळ्यांना ठाऊकच असतो. वर थोडं गेलं की मध्य प्रदेश, तिथला भाव वेगळा. खुद्द वरूडात सरकारी भाव, गेल्या वर्षी कर वाढल्यापासून पिणाऱ्यांनी तोंडभर शिव्या दिलेला. आणि वर्धा नदी ओलांडली की दारूबंदीचा जिल्हा. तिथे दारूचं दुकानच नाही, म्हणून तीच बाटली चोरून मिळते आणि दुपटी-तिपटीने मिळते. बाटली तीच, झाकण तेच. मधल्या नदीचे पैसे वेगळे.

दुर्गाबाईला हे सगळं ठाऊक होतं, आणि त्यावरच तिने आपल्या लेकाचा जीव वाचवायचं ठरवलं.

दुर्गाबाई संत्रा मंडीत माल निवडायला जाते. मोठं फळ एकीकडे, बारीक एकीकडे, डागी तिसरीकडे. तिचा हात डोळ्याच्या आधी चालतो. नवरा लवकर गेला. एकुलता एक अश्विन पिकअप चालवायचा, वरूडातल्या साऱ्या गल्ल्या त्याला पाठ. पोरगा गोड. विहारात पंचशील म्हणताना दारू न पिण्याचं पाचवं शील सगळ्यांत मोठ्या आवाजात तोच म्हणायचा, आणि संध्याकाळी भट्टीवर, म्हणजे देशी दारूच्या दुकानात, रांगेतही पुढे तोच असायचा. बायको माहेरी गेली ती गेलीच. मग पाय सुजले, डोळे पिवळे पडले. अमरावतीच्या डॉक्टरांनी दुर्गाबाईला बाजूला घेऊन सांगितलं, “लिव्हर संपत आलंय. सोडली तर जगेल. नाहीतर नाही.”

तिने काय नाही केलं! रडली, भांडली, व्यसनमुक्तीत ठेवून पाहिलं, भट्टीवाल्याच्या पायाही पडली. शेवटी तिने आपल्या आयुष्याकडे पाहिलं. तूरडाळ महागली तेव्हा तिने वरण पातळ केलं होतं. सिलिंडर महागला तेव्हा पुन्हा चूल पेटवली होती. जी वस्तू महाग झाली ती आपोआप सुटली, हा तिचा जन्मभराचा अनुभव. मग दारू काहून सुटणार नाही? जिथे ती सगळ्यांत महाग, तिथे अश्विनला नेऊन ठेवायचं, बस्स!

नदीपलीकडे तिचं माहेर. धाकटा भाऊ शालिकराम तिथे थोडीफार शेती करतो. त्याला फोन केला तर तो लगेच म्हणाला, “पाठव ना बाई, काहून विचारून राहिली? भाचा हाय माहा.”

अश्विनला तिने स्वतः नेऊन सोडलं. खिशात एक रुपया ठेवला नाही. परतताना पुलावर तिला हलकं वाटलं, कितीतरी वर्षांनी. मंडीतल्या आशाबाईला तिने सांगितलंही, “आता कशी पितो पाहू! तिथं तर पव्व्यासाठी घर इकाव लागते.”

फोनवर शालिकराम म्हणायचा, पोरगं पहाटे उठते, कामाला जाते, मामीला उलटून बोलत नाही. दुर्गाबाईचा जीव सुपाएवढा झाला. माणसाला ऐकायचं असतं तेच कानात शिरतं. कोणतं काम, एवढं विचारायचं राहून गेलं.

हंगाम सरल्यावर ती पिशवीभर संत्री घेऊन माहेरी गेली. अश्विन ओसरीत खाटेवर पडला होता. पोट टम्म, हातापायांच्या काड्या. ती जवळ गेली, आणि वास आला.

“शालिक!” ती ओरडली. “पैसे कोनं देल्ले याले?”

“पैसे?” शालिकराम खरंच बुचकळ्यात पडला. “एक रुपया नाई देल्ला बाई, तुह्या शप्पथ. तूच म्हनली होती ना, हाती पैसा देऊ नको म्हनून.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गावात चोरून विकणारे होते, घेणारे होते. कमी होती ती वरूडातून माल आणणाऱ्याची. अश्विनला तिथले दुकानदार ओळखत होते, कोणता रस्ता कधी मोकळा तेही त्याला ठाऊक. मामाने मोटारसायकल दिली. फेरीमागे मामाला पैसे, भाच्याला बाटली. नदीपलीकडे दारू जितकी महाग, तितकी अश्विनची किंमत जास्त. जगात एकच गाव असं होतं जिथे त्याला ती फुकट मिळाली असती, आणि आईने त्याला नेमकं तिथेच आणून सोडलं होतं.

“कामाचा पोरगा हाय, बाई,” शालिकराम म्हणाला. “त्याच्यासारखा मानूस नाई गावात.”

तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खाटेच्या कडेला बसून अश्विनचा हात हातात घेतला. “चाल बाबू, घरी चाल.”

“कायले? तिथं इकत घ्या लागते, माय,” अश्विन म्हणाला. रागाने नाही, समजावून सांगितल्यासारखं. “इथं मले कोनी मांगत नाई, कोनी बोलत नाई. तू जाय.”

ती उठली नाही. कुणाच्या घरी, कुणाच्या धंद्यात हा मरणार, मग कुणाच्या तरी गाडीवर टाकून आपल्याकडे पाठवणार, हे तिला लख्ख दिसत होतं. वाचवायचं आता उरलं नव्हतं. घरी न्यायचं तेवढं उरलं होतं, आणि त्यासाठी इथला फुकटचा भाव मोडायला हवा होता. तिने लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला.

“चाल,” ती म्हणाली. “मी आनून देईन.”

अश्विन लगेच उठून बसला.

मंडी सुटली की हल्ली दुर्गाबाई भट्टीच्या रांगेत उभी असते. पुरुष तिला पुढे जाऊ देतात.