फोटोतला नारळ

तंजावरच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला नववीच्या मुलांसाठी फोटोग्राफीचा वर्ग आखायला सांगितला. सोमवारी एक तास नमुन्याचा धडा, जमला तर वर्ग माझा, नाहीतर तो तास गणिताच्या शिकवणीला. मला हा वर्ग मनापासून हवा होता. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आल्यापासून माझ्या स्टुडिओत लोक फक्त पासपोर्टच्या फोटोला येतात, आणि त्यात हसायची बंदी. इतकी वर्षं दगडी चेहरे बघून मीच दगड व्हायची वेळ आली होती.

पहिला धडा ठरवला: तिघातिघांचे गट, एकमेकांचे फोटो. अम्माला सांगितलं तर कॉफी ओतता ओतता तिचा हात थांबला. तिघांचा फोटो काढायचा नाही, मधला जातो, हे आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात. आमच्या आल्बममध्ये जिथे तिघं आहेत तिथे चौथा कुणीतरी घुसवलेला आहेच. कुठे नारळ, कुठे शेजाऱ्यांचं वासरू. माझ्या लग्नात मी, बायको आणि सासूबाई यांच्या पायाशी फणस आहे, आणि खरं सांगायचं तर त्या फोटोत तोच सर्वांत प्रसन्न दिसतो.

मी म्हटलं, आता कोण मानतं असलं काही? आणि ताठ मानेने शाळेत गेलो.

मानतात. सगळे मानतात! मधे उभं राहायला एकही कार्टं तयार नाही. प्रत्येक जण कडेला सरकतोय, सरकता सरकता अख्खा वर्ग भिंतीला चिकटला. तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई आल्या. त्या मूळच्या विज्ञानाच्या शिक्षिका. मुलांना चांगलं झापलं, पीटीच्या सरांना आणि क्लार्कला बोलावलं, स्वतः मधे उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, काढा. मी कॅमेरा डोळ्याला लावला. बाईंनी घसा खाकरला आणि शिपायाला हळूच सांगितलं, भूगोलाचा पृथ्वीगोल घेऊन ये.

पृथ्वी कडेवर घेऊन बाई हसल्या. फोटो झकास आला. वर्ग मला मिळाला, फक्त गट चौघांचे करा म्हणाल्या.

घरी येऊन सांगितलं तर अम्मा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पदराने डोळे पुसले, तरी पाणी थांबेना.

"पापनाशमला माहेरी आम्ही तिघंच होतो रे," ती म्हणाली. "आई, अप्पा आणि मी. म्हणून फोटो काढलाच नाही. नारळ ठेवायचं तेव्हा कुणाला सुचलं नाही. आईचा चेहरा आता नीट आठवत नाही मला."

कॉफी निवून गेली.

मग मी आखणीचा कागद काढला, पहिला धडा खोडला आणि नवा लिहिला: घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो काढून आणा. तिघंच असाल तर नारळ घ्या, पण काढाच.