आवाजाची दोन बटणं

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सातपूरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही व्हिडिओ गेमचं पार्लर काढलं. माझे मिस्टर जवळच्याच एका कारखान्यात पत्रे कापायच्या प्रेसवर होते. ते शिफ्टला गेले की पार्लर मी सांभाळायची. मशिन एकच, जुनं, मुंबईहून आणलेलं. मागचं दार उघडलं की आत आवाजाची दोन बटणं होती. एकाने संगीत कमीजास्त व्हायचं, दुसऱ्याने गोळ्यांचे आणि स्फोटांचे आवाज.

त्यांचा मेळ बसवणं जिकिरीचं होतं. संगीत वाढलं की गोळी सुटलेली कळायची नाही, खेळणारा गोंधळायचा. गोळ्या वाढल्या की खोलीत थांबवत नसे. मी पुन्हा पुन्हा ऐकून दोन्ही बटणं बरोबर जागी आणून ठेवली होती.

मिस्टर घरी आले की एक डाव खेळायचे. "अगं, गोळीचा आवाजच येत नाही," म्हणायचे आणि मागचं दार उघडून गोळ्यांचं बटण पुढे फिरवायचे. ते गेले की मी ते मागे घ्यायची. मला वाटायचं, हौस असते एकेकाला. मग ते घरी असताना येणारी गिऱ्हाईकं कुरकुरायला लागली. शेजारचा सायकलवाला म्हणाला, "वहिनी, एवढं कर्कश का लावता?"

एका दुपारी ते खेळत असताना मी मशिनच्या मागे गेले आणि गोळ्यांचं बटण हळूहळू शेवटपर्यंत फिरवलं. खिडकीची काच थरथरली. माझे कान दुखायला लागले.

"आता?" मी विचारलं.

ते खेळतच राहिले. मी पुढे येऊन त्यांच्या खांद्याला हात लावला आणि पुन्हा विचारलं.

"आता जरा बरंय. पण बारीकच येतोय."

संगीताची धडधड त्यांना कळत होती. टोकदार, चिरके आवाज तेवढे नाहीसे झाले होते. कुकरची शिट्टी, लेकीची हाक. दमलेत म्हणून लक्ष नाही, असं मी धरून चालले होते.

डॉक्टरांनी तपासलं. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा, प्रेस सोडा, म्हणाले. घरी येताना मिस्टर म्हणाले, "प्रेसवर सगळ्यांचंच असं होतं."

"समोरच्याने हात काढ म्हणून ओरडून सांगितलं तर?"

"त्याचं तोंड दिसतं की मला."

स्टोअरमध्ये बदली मागतो, असं त्यांनी कबूल केलं. साहेब बघू म्हणाले. त्यानंतर ते शिफ्टला गेले की मी दारातच घुटमळायची. रस्त्यावरून कुणी घाईने चालत आलं, की तो आपल्याकडेच येतोय असं वाटायचं.

शेवटी ते स्वतःच आले, शिफ्ट सुटायच्या आधी, सोबत्याच्या मोटारसायकलवर मागे बसून. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं, लाल झालेलं. दवाखान्यात जाण्याआधी मला घ्यायला आले होते. सोबती माझ्याकडे बघेना.

"मी ओरडलो होतो, वहिनी," तो म्हणाला. "दोनदा ओरडलो."

मिस्टर आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. "काय म्हणतोय तो?" त्यांनी मला विचारलं.

दोन बोटं गेली. बदली मग लगेच झाली. जखम भरल्यावरही ते गेमच्या मशिनसमोर बसले नाहीत, आणि मीही कधी बसा म्हटलं नाही. काही बोलायचं असलं की आधी समोर जाऊन उभं राहायचं, ही सवय मात्र घरात सगळ्यांना लागली.