विचारले असता

माझे मामा एका मोठ्या इस्पितळाच्या चौकशी विभागात टंकलेखक होते. कर्मचाऱ्यांचे जबाब टाइप करायचे, एवढंच काम. प्रत्येक जबाबात तेच ठरलेलं, 'विचारले असता सांगतो की'. ते इतकं अंगवळणी पडलेलं की मामी चिडवायची, "चहा हवा का, असे विचारले असता सांगतात की, अर्धा कप!" मामा हसायचे. मला मात्र त्यांच्या त्या खालमानेने वागण्याचा राग यायचा.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना औषधांच्या कपाटातून गुंगीच्या इंजेक्शनांचा खोका गेला. संशय एका आयाबाईंवर. सकाळी दहाला त्यांना आणून उभं केलं. चौकशी अधिकाऱ्यांचा प्रश्न एकच.

"किल्ली कुणाकडे होती?"

"मला ठाऊक नाही, साहेब."

पुन्हा तेच. आवाज चढवून, मग गोडीगुलाबीने, मग टेबलावर हात आपटून. पाणी मागितलं तर, "आधी उत्तर." बाई एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत उभ्या होत्या. मामांची बोटं तेवढी थांबत नव्हती. साडेतीनला बाई भिंतीला टेकल्या नि म्हणाल्या, "असेल. माझ्याकडेच असेल. आता बसू द्या."

"झालं," अधिकारी म्हणाले. "घ्या सही."

सही झाली की नोकरी गेली, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. मामांनी कागद बाईंपुढे नाही, अधिकाऱ्यांपुढे ठेवला. एकच प्रश्न, वेळेसकट, एक्केचाळीस वेळा टाइप केलेला. त्याखाली चाळीस वेळा 'ठाऊक नाही'. आणि शेवटी, 'पाणी न देता साडेपाच तास उभे करून वदवून घेतले असता सांगते की'.

"हे काय? नेहमीचं लिहा!"

"साहेब, विचारलं म्हणजे माणसाला नाही म्हणायची मुभा असते." मामांनी बाईंकडे पाहिलं. "यांना नव्हती."

असा कागद वर पाठवायची अधिकाऱ्यांची छाती झाली नाही. बाई सही न करताच घरी गेल्या नि कामावर राहिल्या. मामांची दुसऱ्याच दिवशी जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बदली झाली. तिथल्या कपाटांत त्यांनीच टाइप केलेले एकतीस वर्षांचे जबाब होते.

"दिवसभर करता काय तिथे?" मामीने एकदा विचारलं.

"वाचतो," मामा म्हणाले. मान पुन्हा खाली गेली होती. "यातल्या किती जणांना खरंच विचारलं होतं, तेच आठवत नाही गं."